टँकची पाठ

मच्छिंद्र कडू देवळाली प्रवऱ्याचा, साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये फिटर. बहात्तरच्या संक्रांतीच्या सुमाराला, लढाई संपून महिना झाला असेल, राहुरी स्टेशनात थांबलेल्या एका मालगाडीवर त्याला ताडपत्रीत गुंडाळलेले टँक दिसले. नगरला टँकवाल्यांची छावणी, त्यामुळे टँक दिसण्यात नवल नव्हतं. पण त्यातल्या एकाची ताडपत्री पुढून घसरली होती. मच्छिंद्र सायकल धरून गाडी हलेपर्यंत बघत राहिला. पहाऱ्यावरच्या जवानानं हसत नाव सांगितलं, "सेंच्युरियन."

घरी आल्या आल्या तो बायकोला म्हणाला, "राही, मी त्यो टँक करनार. वीतभरच, पन हुबेहूब."

राहीबाई भाकऱ्या थापत होती. "करा की. पण माझ्या पोळपाटाला हात लावायचा नाही," एवढंच ती म्हणाली.

पोळपाट वाचला, पण तुपाचा रिकामा डबा गेला, मच्छिंद्राच्या जुन्या कोटाची बटणं चाकं म्हणून गेली आणि सागवानाची एक फळी गेली. पंधरवड्यात टँकचं तोंड असं काही उतरलं की शेजारी मुद्दाम बघायला येऊ लागले. नळी वर-खाली व्हायची, बुरूज गोल फिरायचा. मच्छिंद्राची आई मालनबाई कौतुकानं म्हणाली, "म्होरून लई ग्वाड दिसतोय. मागून कसा आसतोय रं?"

तिथंच सगळं अडलं. मच्छिंद्रानं टँक पुढूनच पाहिला होता. वर्तमानपत्रातले फोटोही सगळे पुढून काढलेले. तालुक्याच्या वाचनालयातून त्यानं दुसऱ्या महायुद्धाचा मोठा इतिहास आणला. दोन खंड, उशाला घेतले तर मान दुखावी एवढे. मॅट्रिक झालेली राहीबाई रोज जेवणं झाल्यावर त्याला त्यातलं वाचून दाखवायची. कोण कोणाला काय म्हणाला, कुठला तह कशामुळं मोडला, सगळं होतं. नकाशांवर बाणच बाण होते. टँकची पाठ मात्र कुठंच नव्हती.

शेवटी एका रविवारी दोघं एसटीनं नगरला गेले. कापडबाजारात राहीबाईला ब्लाउजपीस घ्यायचा होता. दुकानाच्या वाटेवर फुटपाथवर एक जुनी पुस्तकं विकणारा बसला होता. छावणीतली रद्दी त्याच्याकडे येत असावी. मच्छिंद्र जाडजूड ग्रंथ उचकू लागला. राहीबाईनं मात्र ढिगाखालून पंचांगाएवढं एक चोपडं ओढलं. इंग्रजी होतं. मधल्या पिना गंजलेल्या. तिनं ते बरोबर मधोमध उघडलं आणि नवऱ्याच्या बाहीला धरलं.

"अहो, पाठ."

दोन पानांवर पसरून सेंच्युरियन उभा होता. पुढून, बाजूनं, वरून आणि मागून. प्रत्येक भागाला रेघ, रेघेच्या टोकाला नाव. पुढच्या पानावर रंग, चिखलाचासुद्धा. मच्छिंद्रानं बाजूचं चित्र पाहिलं, चाकं मोजली आणि मटकन फुटपाथवर बसला. "सहा हायती. मी पाचच लावली."

राहीबाईला हसू फुटलं. त्याचा चेहरा बघून ते आवरेना, मग तोही हसायला लागला. विक्रेत्याला वाटलं, ही दोघं आपल्यालाच हसतायत. ब्लाउजपीस राहिला तो राहिलाच.

परतीच्या एसटीत राहीबाई मराठी करत मोठ्यानं वाचू लागली. चोपड्यात एकाच लढाईची, एकाच दुपारची गोष्ट होती. उसाच्या शेतात दडलेला एक टँक आणि त्यातले चौघे जण. मागं गुंडाळून बांधलेली घोंगडी, शेजारी लटकणारी बादली, हेही लिहिलं होतं. "आणि हे ऐका," ती म्हणाली. "टँकच्या पाठीला टेलिफोनची पेटी असते. बाहेरच्या पायदळाला आतल्यांशी बोलता यावं म्हणून."

"टेलिफोन?" मच्छिंद्र म्हणाला. "आपल्या गावात दोन का तीन हायती, आन् टँकला हाय?"

"आत चहाला पाणी उकळायची सोयसुद्धा आहे."

एव्हाना निम्मी एसटी कान देऊन ऐकत होती. कंडक्टर तिकिटं फाडायची सोडून दांडीला टेकला होता. मागच्या बाकावरून भरघोस मिशांचा एक म्हातारा पुढं आला. "बाई, बराबर वाचताय तुमी. मी दफेदार भिमाजी. पेन्शनीत आलोय. पासष्टच्या लढाईत त्योच टँक चालवत हुतो."

मच्छिंद्र उठून उभाच राहिला आणि छताच्या दांडीवर डोकं आपटलं. त्याचंही त्याला भान नव्हतं. "मागं फोन असतो, काका?"

"आसतो की. एकदा बाहेर गोळे पडत हुते आन् फोन वाजला. आमाला वाटलं, काय हुकूम आला. तर पायदळाचा जवान इचारतोय, च्या झाला का?"

अख्खी एसटी हसली. ड्रायव्हरनं मागं वळून विचारलं, काय झालं, आणि त्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं.

भिमाजींना पुढं कोल्हारला जायचं होतं, पण ते ह्या दोघांबरोबर राहुरीलाच उतरले. देवळालीला घरी आल्यावर त्यांनी टँक पाहिला, पागोटं काढून बाजूला ठेवलं आणि सरळ जमिनीवर पालथे झाले. टँकच्या नळीसमोर डोळा लावून बराच वेळ बघत राहिले. मग तोंडानं इंजिनाचा आवाज काढायला लागले. राहीबाईनं गोधड्यांचे डोंगर केले. मच्छिंद्र टँक ढकलू लागला आणि भिमाजी "डावं, उजवं, हळू" करत गुडघ्यांवर मागं मागं सरकू लागले. मालनबाई शेंगा फोडत बसली होती. टँक तिच्या ढिगाकडे वळला तेव्हा तिनं सूप आडवं धरलं. "ह्या शिवेत यायचं न्हाई," ती म्हणाली. भिमाजींनी तिला बसल्या जागी सॅल्यूट ठोकला आणि टँक मागं घ्यायला लावला.

पुढच्या आठवड्यात मच्छिंद्रानं टँक पुरता खोलला. सहाव्या चाकासाठी फळी लांबवली. जुन्या घोंगडीच्या तुकड्याची वळकटी केली आणि टोपणाला तारेची कडी लावून बादली केली. टेलिफोनची पेटी कंदिलाच्या पितळी बर्नरमधून कापली. दार टाचणीनं उघडायचं. चोपडं समोर भिंतीला टेकवून ठेवलेलं असायचं, हाताचं ग्रीस लागू नये म्हणून पानं राहीबाई उलटायची. वाचनालयाचे दोन खंडही कामी आले. फळी चिकटवल्यावर दाब द्यायला त्यांच्याइतकं वजन घरात दुसऱ्या कशाला नव्हतं.

त्यानंतरच्या रविवारी नगरला निघताना मालनबाईही नवं लुगडं नेसून एसटीत बसली. तिला आता बोट करून हवी होती, लढाईची. समुद्र तिनं कधी पाहिला नव्हता. फुटपाथवर विक्रेत्यानं तिच्यापुढं आदबीनं एक भलंमोठं पुस्तक धरलं. तिनं ते हातात घेतलं, वजन पाहिलं आणि परत दिलं.

"जाड नगं, बाबा," ती खाली बसत म्हणाली. "पातळ दाव."