बाईंचाच सापळा

एक्कावन्नपैकी बेचाळीस विद्यार्थी नापास, असं संगणकानं जाहीर केलं आणि विभागप्रमुखांनी बाईंना बोलावून घेतलं. बाई विद्यापीठात पर्यावरणशास्त्र शिकवायच्या, कंत्राटावर. पुढच्या वर्षीच्या नेमणुकीच्या कागदावर प्रमुखांची सही अजून व्हायची होती.

प्रश्न साधा होता. विद्यापीठामागच्या ओढ्यावर जायचं, पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा, आकडा ऑनलाइन भरायचा. त्याचा व्हिडिओ-धडा चार वर्षांपूर्वी बाईंनीच रेकॉर्ड केला होता. घरी बसून आकडे ठोकणारे सापडावेत म्हणून सहा ते आठ या निरोगी पाण्याच्या आकड्यांबाहेरचं उत्तर चूक, हीही त्यांचीच हुशारी. मधल्या काळात ओढ्याच्या वरच्या अंगाला कापड रंगवायचा कारखाना आला. आता आकडा दोनच्या आसपासच घुटमळायचा. बेचाळीस जण इमानदारीत दोन भरून बुडाले. पास झालेल्या नऊ जणांनी ओढ्याचं तोंडही पाहिलं नव्हतं. व्हिडिओत बाई सात म्हणाल्या, त्यांनी सात लिहिलं.

"पोरांना सांगा, सातच भरा," प्रमुख म्हणाले. "धडा बदलायचा तर समितीची मंजुरी लागते. वर्ष जाईल."

"म्हणजे मोजू नका, ठोकून द्या, असं मीच शिकवू?"

"बाई, पाण्यात राहून माशाशी वैर करू नये."

"त्या पाण्यात मासा उरलाय कुठं, सर?"

प्रमुखांनी नेमणुकीचा कागद उचलला आणि खणात टाकला.

बाई तडक ओढ्यावर गेल्या. गमबूट चढवले, मोबाइल दगडाला टेकवला, मीटरची कांडी पाण्यात धरली आणि आकडा कॅमेऱ्यासमोर आणला. "मागच्या व्हिडिओत मी या पाण्याला निरोगी म्हटलं होतं. तेव्हा ते होतं. आज दोन पूर्णांक एक."

धडा त्यांच्याच खात्यावर होता. मंजुरी नियमाला लागायची, संगणकाला नाही. त्यांनी जुना व्हिडिओ उतरवला, नवा चढवला, उत्तराची मर्यादा बदलली. बेचाळीस पास, नऊ नापास.

तासाभरात फोन आला. "हे कुणाला विचारून केलंत?"

"ओढ्याला."

"सही होणार नाही, सांगून ठेवतो."

"नका करू. त्या नऊ जणांना मात्र उद्या सकाळी ओढ्यावर बोलावलंय. तुम्हीही या, सर. गमबुटांचा एक जोड जास्तीचा आहे."