खंडेनवमीचे चुरमुरे

मित्रांनो, हे लिहायचं नाही असंच मी ठरवलं होतं. दोनदा सुरू केलं, दोनदा सोडून दिलं. सांगायचं म्हटलं की आदिनाथचं नाव घ्यावं लागतं, आणि आदिनाथ माझा दोस्त आहे. दोस्ताची चूक चारचौघांत कशी सांगायची? पण आता त्यानंच सांगायला लावलंय. म्हणून सांगतो.

मी एक जुना वायरींचा जुडगा आहे. विमानातला. म्हणजे होतो. आता मी पवनेच्या खोऱ्यातल्या एका हँगरमध्ये भिंतीवर असतो, एका फळीवर ठोकलेला. हँगर म्हणजे विमानाचा गोठाच समजा. माझी एक बाजू अजून पांढरी आहे. दुसरी काळी, वितळून गोळा झालेली. दारातून आत आलात की ती काळी बाजू दिसते. तशीच लावलीय, मुद्दाम.

माझा जन्म तळेगावच्या एका शेडमधला. लांबलचक टेबल, आणि दोन्ही बाजूंना गावागावांतून आलेल्या बाया. मला बांधलं झुंबरबाईंनी. विमानातल्या वायरी नुसत्या सोडून देत नाहीत. त्या एकत्र घ्यायच्या, मेण लावलेल्या दोऱ्यानं थोड्या थोड्या अंतरावर गाठ मारायची. सैल राहिली तर वायर हलते, हलली की घासते, घासली की सोलते.

शेजारची नवी पोरगी एकदा म्हणाली, "मावशी, एवढं कशाला जपताय? कुणाला दिसणार हाय? खाली तर जायचंय ह्यानं, पायाखाली."

झुंबरबाई मान वर न करता म्हणाल्या, "म्हणून तर नीट बांध. तुजी येणी हाय व्हय ती, इस्कटली की आरशात दिसायला?"

सगळ्या हसल्या. पोरीनं गाठ सोडली आणि परत मारली. साहेबांनी मला टोकापासून टोकापर्यंत तपासलं, ओढून बघितलं, आणि पास केलं. त्या दिवशी मला लय भारी वाटलं होतं.

मग मी विमानात बसलो. विमान छोटंसं, पांढरं, पोटावर निळा पट्टा. एका छोट्या कंपनीचं. धरणावर फिरायला येणाऱ्या लोकांना वर न्यायचं, तिकोना किल्ला दाखवायचा, तुंग दाखवायचा, पाण्यावरून एक वळसा घालून खाली आणायचं. लोक खिडकीतून फोटो काढायचे. मी मात्र काहीच बघितलं नाही. मी पायाखाली, पॅनलच्या म्हणजे स्क्रूनं बसवलेल्या पत्र्याच्या आत, अंधारात. माझ्यातून वीज जायची दिव्यांना, रेडिओला, पंखांच्या मागच्या फळ्या हलवणाऱ्या मोटारीला. शेजारून पेट्रोलची नळी. तिच्यात आणि माझ्यात ठराविक अंतर राहिलंच पाहिजे असा नियम. म्हणून मला रबर लावलेल्या क्लिपांनी बाजूला धरून ठेवलेलं.

नियम लय होते, मित्रांनो. ठराविक तास उडालं की पॅनल उघडायचंच. विमानात काही खायचं नाही. आत काहीही पडलं, स्क्रू असो नाहीतर टाचणी, सांगायचं, आणि ते काढल्याशिवाय विमान उडवायचं नाही. हे सगळं बघायची रेणुका. देहूरोडची. वडील तिकडं लष्कराच्या डेपोत कामाला होते. विमान उडण्यालायक आहे अशी सही तिची असायची.

ती पॅनल उघडायची तेव्हा मला उजेड दिसायचा. एका हातात बॅटरी, एका हातात दांडीवरचा छोटा आरसा. माझ्या मागची बाजू ती आरशात बघायची. मग बोट फिरवायची, हळूच, सगळीकडून. कुठं खरखरीत लागतंय का, कुठं चपटं झालंय का.

आदिनाथ स्क्रू धरून बाजूला बसलेला असायचा. तिकोना पेठेचा गडी. मेकॅनिक. हात सोन्यासारखे आणि तोंड कधी बंद नाही.

"मॅडम, पोरगी बघायला आल्यावानी बघताय त्याला."

"मग? पसंत पडल्याशिवाय सोडत नसते मी."

"आन् न्हाई पसंत पडला तर?"

"तर तुझ्या गळ्यात मारते. पसंत आहे. लाव पॅनल."

पॅनल लावायच्या आधी आदिनाथ मला एक टिचकी मारायचा. "चल रं जुडग्या, भेटू." दर वेळी. एवढीच आमची दोस्ती. पण अंधारात राहणाऱ्याला तेवढी पुरते.

आता ती खंडेनवमी. मला आतून दिसलं नाही ते नंतर आदिनाथच्याच तोंडून ऐकलं.

आमच्याकडं खंडेनवमीला हत्यारं पुजतात. पान्यापासून विमानापर्यंत सगळं. रेणुका रजेवर होती, घरच्यांबरोबर नागपूरला गेलेली, दीक्षाभूमीवर. हँगरमध्ये आदिनाथ आणि सोपानभाऊ. सोपानभाऊ म्हणजे हँगरचे मुकादम. आदिनाथला पाना कसा धरायचा हे त्यांनीच शिकवलेलं. विमान धुतलं, पुढच्या पंख्याला झेंडूची माळ घातली, हळदीकुंकू लावलं, नारळ बाहेर फोडला. बाहेर वारा सुटला होता. प्रसादाचं ताट उडायला लागलं.

"आत ठेवतो भाऊ," आदिनाथ म्हणाला. "देवाला काय, आत काय आन् भाईर काय."

"आत खायचं न्हाई, म्हायती हाय ना?"

"खातंय कोण? निस्तं ठिवतो."

तो ताट घेऊन पायरीवर चढला. पाय घसरला. चुरमुरे, बत्तासे, खोबऱ्याचे तुकडे सगळे सीटच्या खाली. सीट ज्या पट्टीवरून मागेपुढे सरकते तिच्याशेजारी एक फट आहे. तिच्यातून ते माझ्या अंगावर पडले. पाऊस पडावा तसे.

वर झाडूचा आवाज आला. दिसत होतं तेवढं त्यानं गोळा केलं.

"खाली गेलंय का रं?" सोपानभाऊंनी विचारलं.

"गेलं असतील चार दाणं."

"मग उघड की."

"भाऊ, सणाचं आता सगळे स्क्रू काढत बसू? मुंग्या खातील. आन् मॅडम आल्या की बघत्यातच."

सोपानभाऊंनी नारळाच्या करवंट्या गोळा केल्या. मग म्हणाले, "बरं. रेणुका आली की तिला सांग."

"सांगतो."

त्यानं नाही सांगितलं. सोपानभाऊंना वाटलं, आदिनाथनं सांगितलं असेल. आदिनाथला वाटलं, भाऊंनी सांगितलं तर बरं, आपल्याला बोलणी बसणार नाहीत. आणि मी? मी वायर आहे. माझ्यातून सगळ्या विमानाचं बोलणं जातं, पण मला स्वतःला बोलता येत नाही.

मुंग्या आल्या नाहीत. उंदीर आले.

तेव्हा हँगरच्या भोवतीची भातं कापायला सुरुवात झाली होती. शेत मोकळं झालं की उंदीर जागा शोधत निघतात. आमच्या मावळात पोरासोरांना हे माहीत आहे. भात घरात आलं की मागोमाग उंदीर. त्यांना वास लागला खोबऱ्याचा. चाकावरून चढले, पोटाच्या एका भोकातून आत आले. दोन होते. आधी त्यांनी चुरमुरे संपवले. मग खोबरं. मग त्यांना दात घासायला काहीतरी हवं होतं.

ते कसं वाटतं, सांगू? त्यात शूर होण्यासारखं काही नसतं. आधी वरचा थर गेला. मग गाठ गेली, झुंबरबाईंची. मग मोटारीच्या जाड वायरीतलं तांबं उघडं पडलं. एक क्लिप ढिली झाली आणि मी खाली झुकलो. पेट्रोलच्या नळीवर टेकलो. दर वेळी विमान धावलं की उघडं तांबं नळीच्या आणखी जवळ सरकायचं. दर वेळी मला वाटायचं, आज होतंय.

एके दिवशी हँगरमध्ये चिंध्यांच्या पेटीत उंदराच्या लेंड्या सापडल्या. रेणुकानं चहाच्या वेळी सगळ्यांना विचारलं. विमानाचं दार उघडं होतं, मला स्पष्ट ऐकू आलं.

"विमानात कुणी काही खाल्लंय का? सांडलंय का काही?"

आदिनाथ हसत म्हणाला, "न्हाई."

एवढंच. एक शब्द.

सोपानभाऊंनी कपातला चहा संपवला. खंडेनवमीचं नाव त्यांनीही काढलं नाही.

रेणुका म्हणाली, "तरी मला वाटतं उघडून बघावं."

"पॅनल उघडायची तारीख आलीच की जवळ," सोपानभाऊ म्हणाले. "दिवाळीची सुट्टी हाय, मान्सं रांगंत हायत. तवा बघू निवांत."

रेणुका विमानाकडं बघत राहिली. मग तिनं कोपऱ्यात पिंजरे लावले आणि बाहेरची तपासणी करून सही केली. तिला काय माहीत, की बाहेर सगळं ठीक आहे आणि मी आत उघडा पडलोय.

भाऊबीजेची सकाळ. पायलट अजून यायचा होता. सोपानभाऊ मागच्या सीटवर पट्टे सरळ करत होते. आदिनाथ पुढं बसून दिवे तपासत होता. दाराबाहेर थोड्या अंतरावर लोक उभे, त्यात एक छोटी पोरगी भावाचा हात धरून.

"भाऊ, ओवाळणी काय घातली भैनीला?"

"तुला कशाला चवकशा? तू फळ्या बघ."

आदिनाथनं मोटारीचं बटण दाबलं.

माझ्यातून वीज धावली. मोटारीपर्यंत पोचलीच नाही. नळीवर उडी मारली. फ्यूज उडाला, त्याचं काम त्यानं केलं, पण ठिणगीला तेवढा वेळ लागत नाही. नळीला भोक पडलं. मग निळं, मग पिवळं, मग मला काही दिसेना.

आदिनाथ बाहेर पडला. पडला म्हणजे अक्षरशः पडला, दारातून खाली. उठला. मागं बघितलं. सोपानभाऊ आले नव्हते. पट्ट्यात पाय अडकला होता.

"भाऊ! ओ भाऊ!"

तो परत आत शिरला. रेणुका आग विझवायचा सिलिंडर घेऊन धावत येत होती, ओरडत होती, "आदिनाथ, नको!" त्यानं पट्टा हातानं ओढला. जळता पट्टा. भाऊंना काखेत धरून बाहेर काढलं. रेणुकानं आग विझवली. लोकांतल्या कुणाला काही झालं नाही. ती पोरगी रडत होती, बस.

सोपानभाऊ दवाखान्यात गेले. परत आले नाहीत.

चौकशीला साहेब लोक आले. मला कापून बाहेर काढलं, पांढऱ्या कापडावर ठेवलं. खाली बत्ताशाचा एक तुकडा सापडला, कोळशासारखा. कुणी काही विचारायच्या आत आदिनाथ बोलला. दोन्ही हातांना पट्ट्या बांधलेल्या.

"माझ्याच हातनं सांडलं. खंडेनवमीला. मॅडमनी इचारलं तवा मी न्हाई म्हणलो."

रेणुका म्हणाली, "मला उघडावंसं वाटलं होतं. मी उघडलं नाही."

मग काही दिवसांनी शालूबाई आल्या, सोपानभाऊंची बायको. आदिनाथ उठून उभा राहिला. त्याला वाटलं, मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं तो नंतर म्हणाला.

त्या मला बघत होत्या. "ह्योच का?"

"व्हय काकू."

"त्यास्नी म्हाईत हुतं?"

"काकू, बसा आधी," आदिनाथ म्हणाला.

"खरं सांग रं. आता कुणाला राखतुयास?"

"म्हाईत हुतं. मला म्हणले हुते, उघड. मीच न्हाई उघडलं."

"आन् रेणुका इचारत हुती तवा? हुते का तितं?"

"हुते."

शालूबाई खाली बसल्या. म्हणाल्या, "घरी मीठ कमी पडलं तर गावाला आईकू जाईल असं बोलायचे. आन् तितं गप बसले." त्यांनी आदिनाथला माफ केलं की नाही, मला माहीत नाही. त्या परत कधी हँगरमध्ये आल्या नाहीत.

आता पूजा हँगरच्या बाहेर होते. माळ दाराला, प्रसाद रस्त्यापलीकडं. भातं कापायला लागली की तारखेची वाट न बघता सगळी पॅनल उघडतात, हा नवा नियम रेणुकानं घातला. आणि कुणी येऊन सांगितलं की "मॅडम, माझ्याकडून पडलं," तर ती ओरडत नाही. "किती पडलं, कुठं पडलं?" एवढंच विचारते आणि आरसा घेते. हे तिला लय जड गेलं असणार. आधी ती ओरडायची.

आदिनाथची बोटं चिकटून आखडलीत. स्क्रू धरता येत नाही. नवीन कामाला येणाऱ्यांना तो माझ्यासमोर आणून उभा करतो आणि सगळं सांगतो. मागं एकदा कंपनीचे एक पाहुणे म्हणाले, "ही काळी बाजू भिंतीकडं करा, बरं दिसत नाही." आदिनाथ म्हणाला, "बरं दिसू नयेच सायेब."

मित्रांनो, तुमच्या घरातही माझे भाऊबंद आहेत. फ्रिजच्या मागं, पंख्याच्या वर, गाडीच्या बॉनेटखाली. त्यांना बोलता येत नाही. वर्षातून एकदा तरी उजेड दाखवा त्यांना. आणि तुमच्या हातून काही सांडलं तर बोलणी खा, पण सांगा.

या खंडेनवमीला आदिनाथ आला. सगळे बाहेर पूजेला. तो एकटा माझ्यासमोर उभा. आखडलेल्या बोटांनी टिचकी मारायचा प्रयत्न केला, जमली नाही. मग नुसता हात ठेवला.

"जुडग्या," तो म्हणाला, "काल त्या नव्या पोरांस्नी सांगितलं ना, तर मॅडमनी इचारल्यालं मधलं गाळलं मी. 'न्हाई' म्हणलो ते. चुरमुरं सांडलं एवढंच सांगितलं. तोंडातनं निघंना रं. माझ्याच्यानं न्हाई व्हायचं दर टायमाला. तू सांगशील? नाव घिऊन सांग. पर सगळं सांग."

म्हणून मी लिहायला बसलो.

सांगीन, आदिनाथ. ही फळी भिंतीवर आहे तोवर सांगीन. तू परत आत शिरलास ते सांगीन, आणि तो एक शब्दही सांगीन. तुझ्यासाठी गाळणार नाही.