बॅग जागेवर आहे ना?

मित्रांनो, आता मी जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. नाही तर नाही. मी आजवर एकोणीस वेळा फुटले आहे. एकोणीस! दर वेळी चार मजल्यांची इमारत माझ्या धाकाने रिकामी झाली, आणि दर वेळी लोकांचा चहा संपायच्या आत मी पुन्हा कपाटावर जाऊन बसले. माझी एक शिवणसुद्धा उसवली नाही. दाखवा असं दुसरं कुणी!

मी एक जुनी बेवारस बॅग आहे. बेवारस असणं हाच माझा धंदा. इतरांना मालक नसला की ते रडतात. मला मात्र मालक नाही म्हणूनच नोकरी मिळाली.

माझा जन्म एका बोळातल्या छोट्या कारखान्यात झाला. जाड तपकिरी कॅनव्हास, पितळी कड्या आणि दोन कप्पे. मला शिवणारा म्हातारा कारागीर फार बोलायचा नाही. माझा पट्टा शिवून झाल्यावर त्याने तो दोन्ही हातांनी खेचून पाहिला आणि म्हणाला, "ही माणसाआधी नाही मरायची." मला चष्मे विकणाऱ्या एका फिरत्या माणसाने घेतलं. सात वर्षं मी त्याच्या खांद्यावर लोंबकळत दारोदार हिंडले. मग एके दिवशी तो जन्ममृत्यूच्या नोंदींच्या कार्यालयात आला. वडील गेल्याचा दाखला हवा होता त्याला. त्या कार्यालयाने त्याला या खिडकीवरून त्या खिडकीवर असं काही नाचवलं, की संध्याकाळी दाखला हातात पडल्यावर वडील गेल्याचं दुःख तो विसरला आणि बाकाखाली ठेवलेल्या मलाही विसरला.

दारावरच्या पहारेकऱ्याने मला पाहिलं. त्यांना सगळे मामा म्हणत. मामा जे ओरडले, ते ऐकून जिन्यावरून माणसं अशी धावली की तीन चपला दुसऱ्या दिवशीही सापडल्या नाहीत. जाड पोशाखातली माणसं आली. त्यांनी मला दुरून काठीने उघडलं. आत निघाले अकरा चष्मे आणि एक अर्धवट खाल्लेला पाव. तिथे एक नवे सुरक्षासाहेब होते. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "हिचा चेहराच संशयास्पद आहे. सरावाला ठेवून घ्या."

तेव्हापासून मी सरकारी नोकर. लोकांनी माझं नाव ठेवलं बाँबबाई.

पहिली दोन वर्षं माझा काय रुबाब होता म्हणून सांगू! मी जिन्याखाली दिसले की लोक भिंतीला चिकटून पळ काढायचे. मग हळूहळू सगळ्याची सवय झाली. परिपत्रक निघू लागलं: 'येत्या गुरुवारी सकाळी अकरा वाजता अचानक सराव घेण्यात येईल.' अकरा वाजता अचानक! लोक पावणेअकरालाच स्वेटर घालून, पाण्याची बाटली भरून तयार बसत. मला दर वर्षी त्याच जिन्याखाली ठेवत. जाता जाता कुणी मला थोपटायचं, "काय बाँबबाई, आज फुटणार ना वेळेवर? मला बाराला बैठक आहे." खाली अंगणात चहा व्हायचा, फोटो निघायचा, आणि मोठे साहेब, म्हणजे कार्यालयाचे प्रमुख, कागदावर लिहायचे, 'सराव यशस्वी.'

कसला यशस्वी? डोंबलाचा! त्या लोकांनी धोका ओळखायला शिकायचं होतं. ते मला ओळखायला शिकले.

उरलेले तीनशे चौसष्ट दिवस माझा मुक्काम टपाल कक्षातल्या कपाटावर असे. त्या खोलीत एक बाई एकट्याच बसत. त्या टपालताई. पत्रं फोडायची, शिक्का मारायचा, खणांत टाकायची. शाईचे हात धुवायला कोपऱ्यात एक बेसिन होतं. भिंतीत वर, छताजवळ, उजेडासाठी ठेवलेला एक झरोका होता. त्याच्या पलीकडे कर्मचाऱ्यांच्या मुलांचं पाळणाघर. ताईंचं आठ महिन्यांचं बाळ तिथेच असायचं. ते रडलं की झरोक्यातून आवाज यायचा आणि ताई इकडून म्हणायच्या, "आले रे राजा, एवढी चळत संपवते आणि आले."

तो मंगळवार होता. सकाळच्या टपालात एक जाडसर पाकीट होतं. पाठवणाऱ्याचं नाव नाही, अक्षर वेडंवाकडं. ताईंनी चाकूने कड कापली आणि भसकन पांढरी भुकटी सांडली. टेबलावर, बाहीवर, मांडीवर.

ताई जागच्या जागी थिजल्या. परगावी अशाच एका पाकिटातून कुणी रोगाचे जंतू पाठवले होते आणि दोन टपालवाले दगावले होते. ते वर्तमानपत्रात आलं होतं. त्यानंतर आमच्याकडे सूचनांचा एक तक्ता आला. तो कुठे लावला होता माहीत आहे? कपाटाच्या वर, माझ्या पाठीमागे. भिंतीवरचा रंग उडाला होता, तो झाकायला! तो वाचला होता फक्त दोघींनी. मी, कारण मला दुसरं काम नव्हतं, आणि ताईंनी, कारण त्यांना छापील कागद दिसला की न वाचता राहवत नसे.

ताईंनी पाकीट झटकलं नाही. अलगद खाली ठेवलं आणि त्यावर टपालाची प्लास्टिकची पेटी पालथी घातली. पंखा बंद केला. दाराला आतून कडी लावली. साबणाने हात धुतले, पुन्हा धुतले. मग सुरक्षासाहेबांना फोन लावला.

"साहेब, टपाल कक्षातून बोलतेय. पाकिटातून भुकटी सांडलीय. माझ्या अंगावर आलीय. आधी पाळणाघर खाली करा."

"अहो ताई, आज मंगळवार. सराव गुरुवारी आहे."

"सराव नाही हो, खरं आहे हे!"

"बॅग जागेवर आहे ना?"

"काय?"

"बॅग हो, आपली बाँबबाई. कपाटावर आहे ना ती?"

ताईंनी वर पाहिलं. "आहे."

"मग झालं तर! बॅग कपाटावर असताना कसला आलाय धोका? पावडर असेल कुणाची तरी. फडक्याने पुसून टाका."

मित्रांनो, माझ्या कड्या तापून लाल झाल्या रागाने! फडक्याने पुसून टाका म्हणे! ताईंनी पुसलं असतं, तर ती भुकटी हवेत उडाली असती आणि झरोक्यातून पलीकडे गेली असती. पलीकडे नऊ मुलं होती.

ताईंनी दुसरा नंबर फिरवला, शहराच्या आपत्कालीन पथकाचा. तिकडे एक बाई होत्या. हसणं नाही, ओरडणं नाही, त्यांनी एकामागून एक प्रश्न विचारले. दार बंद आहे? पंखा? तोंडाला हात लावलात? खोलीत आणखी कोण?

"कुणी नाही. एकटीच आहे."

"हवा जायला दुसरी वाट आहे का?"

"झरोका आहे एक. पलीकडे पाळणाघर आहे."

"तो आधी बुजवा. आम्ही वीस मिनिटांत पोहोचतो. तुम्ही बाहेर पडायचं नाही."

"अहो, माझं बाळ आहे पलीकडे."

"म्हणूनच सांगतेय, ताई."

ताईंनी स्टूल ओढलं, कपाटावरून मला उचललं आणि झरोक्यात कोंबलं. हाताने जमेना तेव्हा खांद्याने रेटलं. मी माझा जन्मभराचा श्वास आत ओढून फुगले आणि त्या भोकात अशी फिट्ट बसले की मुंगीही जाऊ नये. माझं अर्धं अंग इकडे आणि अर्धं तिकडे. इकडे आई दिसत होती, तिकडे बाळ. बाळाची दुधाची वेळ झाली होती. ते रडू लागलं. दाराची कडी ताईंच्या हाताशी होती. त्या कडीकडे बघत होत्या, आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसल्या होत्या. आपले स्वतःचेच हात, चोर पकडावेत तसे.

मग त्यांच्या डोक्यात काय आलं कुणास ठाऊक. त्यांनी पुन्हा सुरक्षासाहेबांना फोन लावला.

"साहेब, बॅग जागेवर नाही."

"नाही म्हणजे?"

"कपाटावर नाही."

"बाप रे! म्हणजे वरून तपासणी आली आणि त्यांनीच बॅग कुठेतरी ठेवली की काय? मला न कळवता?"

फोन आदळला आणि भोंगा वाजला. आणि मग ती माणसं काय पळाली! खऱ्या धोक्याला जी ढिम्म हलत नव्हती, ती तपासणीच्या शेऱ्याला घाबरून दोन मिनिटांत अंगणात. पाळणाघराच्या मावशींनी दोन मुलं काखेत, एक पाठीवर असं करत तीन फेऱ्यांत सगळी खाली नेली. ताईंचं बाळ शेवटच्या फेरीत गेलं. "गेलं गं, गेलं खाली!" मी ओरडले. ताई भिंतीला डोकं टेकून तेव्हा कुठे रडल्या.

मामा दारापाशी आले. "पोरी, तू पण ये ना बाहेर."

"मामा, दाराला हात लावू नका. आणि कुणालाही लावू देऊ नका. खरं आहे हे."

 मामांनी दारापासून लांब, जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकली आणि मोठ्या साहेबांनासुद्धा वर सोडलं नाही. त्या इमारतीत माणूस म्हणावं असे ते एकटेच.

पथक आलं. त्यांना ताईंना ताबडतोब अंघोळ घालायची होती. आमच्याकडे त्यासाठी खास खोली होती बरं का, दारावर पाटीसुद्धा होती! दार उघडलं तर आत छतापर्यंत मोडक्या खुर्च्या.

"हे काय आहे?" पथकाच्या प्रमुख बाईंनी विचारलं.

"तात्पुरतं ठेवलंय," सुरक्षासाहेब म्हणाले.

"कधीपासून?"

"मी नोकरीला लागलो तेव्हापासून," मामा म्हणाले.

मास्कची पेटी उघडली तर रबराचे पट्टे बोटांत चुरले. शेवटी अंगणात पडदा धरून, गाडीतल्या गार पाण्याने ताईंना धुतलं आणि इस्पितळात नेलं. चार दिवस त्या काचेच्या आड, आणि मावशी बाळाला काचेसमोर धरून उभ्या. बाळ काचेला तोंड लावायचं.

पाचव्या दिवशी निकाल आला. भुकटी म्हणजे साधं पीठ निघालं. कुणी पाठवलं ते कळलं नाही.

आणि लोक हसले. हो, हसले! "ताई, गिरणीत गेलात तरी पथक बोलावता का हो?" पीठ निघालं म्हणून ताई मूर्ख? अहो, पीठ निघालं हे पाचव्या दिवशी कळलं. मंगळवारी सकाळी ते कुणाला माहीत होतं? तुमच्या सुरक्षासाहेबांना? ज्यांना धोका फक्त तपकिरी कॅनव्हासचा असतो असं वाटत होतं, त्यांना?

मग ताईंच्या हातात एक कागद पडला. कारणे दाखवा नोटीस. 'आपण कार्यालयाची बॅग विनापरवानगी जागेवरून हलवली, व ती जागेवर नसल्याचे सांगून घबराट पसरवली.' खाली मोठ्या साहेबांची सही. खुर्च्यांबद्दल एक अक्षर नाही. मास्कबद्दल नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

मलाही 'दूषित' म्हणून कचऱ्यात टाकलं. मला धुवून, उन्हात वाळवून ताईंनी घरी नेलं. पुढे पथकाच्या त्या बाईंनी ताईंना आपल्याकडे बोलावून घेतलं. आता आम्ही दोघी शाळाशाळांतून फिरतो. पथकाचा निळा सदरा घालून तुमच्या मागे, फळ्याच्या समोरच्या भिंतीशी उभ्या आहेत ना, त्याच त्या ताई.

मित्रांनो, हात जोडून सांगते. खरं तर मला हात नाहीत, पट्टा जोडून सांगते. सराव करा, पण माझा चेहरा पाठ करू नका. पुढचा धोका माझ्यासारखा दिसणार नाही. तो पाकिटातून येईल, बाटलीतून येईल, नुसत्या खोकल्यातून येईल. जो आधी 'काहीतरी चुकतंय' म्हणतो, त्याला हसू नका. आणि जिथे अंघोळीची पाटी आहे तिथे खुर्च्या भरू नका!

राहिली त्या नोटिशीची गोष्ट. तर मोठ्या साहेबांना अखेर उपरती झाली. त्यांनी सगळ्या कार्यालयाला अंगणात बोलावलं. ताईंपुढे मान खाली घालून उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, चुकलं आमचं. तुमच्यामुळे आमची मुलं…" पुढे त्यांच्याच्याने बोलवेना. त्यांनी ती नोटीस टराटरा फाडली, आणि चारही मजल्यांवरून टाळ्यांचा असा काही…

"खोटं!" मागून ताई ओरडल्या. सगळा वर्ग वळून बघू लागला. "ए बाँबबाई, बास! साफ खोटं आहे हे, मुलांनो. कुणी माफी मागितली नाही, कुणी काही फाडलं नाही. ती नोटीस अजून माझ्याकडे आहे. आणि मी तिला उत्तर दिलेलं नाही, देणारही नाही."