भट्टीची बारा मिनिटं

माझ्या भावाच्या उजव्या अंगठ्याने माझ्या नाकी नऊ आणले होते. अख्खा भाऊ त्रास देत असता तर परवडलं असतं, भांडून मोकळी झाले असते. पण एका अंगठ्याशी भांडणार कसं?

आम्ही दोघं एकाच लॅबमध्ये दात बनवतो. डॉक्टर लोक तोंडाचे साचे पाठवतात आणि आम्ही त्यावर कॅप तयार करून देतो. धातूच्या पातळ टोपीवर पोर्सेलीनची ओली भुकटी ब्रशने थराथराने चढवायची, हे दादाचं काम. दात मुद्दाम थोडा मोठा बांधायचा, कारण भट्टीत तो आक्रसतो. किती मोठा, हे कुठल्या पुस्तकात मिळत नाही, ते हाताला कळावं लागतं. दादाच्या हाताला कळायचं. घासणं, चकाकी देणं आणि डबीत भरून पाठवणं, हा शेवटचा हात माझा.

खेळ सुरू झाला तो भट्टीमुळे. एका खेपेला बारा मिनिटं लागतात. पूर्वी त्या बारा मिनिटांत दादा माझी टिंगल करायचा, नाहीतर प्लास्टरचा जबडा उचलून त्याच्या मालकाचं भविष्य सांगायचा. "बारके, हा बघ, दाढा पार सपाट. हा माणूस बायकोसमोर मूग गिळून बसतो आणि झोपेत दात खातो." मी हसून हसून बेजार व्हायचे. मग कोणीतरी त्याच्या फोनवर रंगीत खडे जुळवायचा तो खेळ टाकून दिला. एक डाव तीन मिनिटांचा. बारा मिनिटांत चार बसतात. हा हिशोब ज्याला सुचला त्याचं तोंड मला एकदा बघायचं आहे.

पुढे चाराचे दहा झाले. भट्टी शिट्टी मारून थंड व्हायची तरी दादाची मान वर येत नव्हती. डबा तसाच परत जायचा आणि वहिनी मला विचारायची, "जेवले का गं तुझे दादा?" मी काय सांगणार? त्याला भूक लागलेली कळतच नव्हती. डोळे लाल आणि कोरडे, कारण पापणी मिटायचीसुद्धा याला फुरसत नाही. मान बगळ्यासारखी पुढे आलेली. आणि अंगठा मुळाशी सुजलेला. बाटलीचं झाकण फिरवताना "आई गं" म्हणायचा आणि त्याच अंगठ्याने पुन्हा खडे सरकवायचा.

मी ओरडले, रुसले, फोन लपवला. फोन लपवला त्या दिवशी तो माझ्यावर असा खेकसला की लॅबमधले सगळे मान वळवून बघायला लागले. लहानपणापासून ज्याने मला कधी "ए गाढवे"च्या पुढे शिवी दिली नाही, तो हा माणूस. तासाभराने स्वतःच येऊन म्हणाला, "मला काय झालं होतं कळलं नाही गं." फोन तोपर्यंत त्याच्या हातात परत आलेला होता.

शेवटी वहिनीने आणि मी त्याला धरून हाताच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी त्याचा अंगठा मुठीत मिटवून मनगट खाली वाकवलं, तसा दादा खुर्चीतून उठलाच. "अंगठ्याच्या स्नायूच्या दोरीचं आवरण सुजलंय," बाई म्हणाल्या. "सहा आठवडे विश्रांती. पण खरं दुखणं इथे नाही." त्यांनी कपाळावर बोट ठेवलं.

"मला वेड लागलंय म्हणता का?" दादा म्हणाला.

"वेड कसलं? तुमचा मेंदू ठणठणीत आहे, म्हणूनच फसलाय. जिंकण्यापेक्षा 'आता जिंकेन' या आशेला तो जास्त भुलतो. कधी मिळतं, कधी हुकतं, त्यामुळे सोडवत नाही. डोपामीन म्हणतात त्या रसायनाचा हा खेळ. दर तीन मिनिटांनी त्याची सवय लागली की हळू मिळणारा आनंद फिका पडतो. मला सांगा, दात चांगला झाला की अजून बरं वाटतं?"

दादा सुजलेला अंगठा चोळत राहिला. मग म्हणाला, "पूर्वी वाटायचं." आणि लगेच सावरून म्हणाला, "पण काम चोख होतं हं माझं. लॅबच्या मालकांना विचारा हवं तर."

मी खाली बघितलं. ते का, ते सांगतेच. पण आधी माझा एक शहाणपणा ऐका.

विश्रांतीचं दादाने ऐकलंच नाही, कामावर येतच राहिला; पण बाईंनी अंगठ्याला आधाराची पट्टीही सांगितली होती. मी म्हटलं, दुकानातली ढगळ पट्टी कशाला? मी आहे ना. दातांचा साचा घेतो तसा दादाच्या हाताचा साचा घेतला आणि आमच्याच गुलाबी अ‍ॅक्रिलिकचा आधार बनवला. कवळीच्या हिरडीसारखा चपखल बसला. दोन दिवसांनी बघते तर साहेबांनी त्या आधाराच्या खाचेत फोन अडकवलेला आणि डाव्या अंगठ्याने खेळ चालू! "बारके, झकास बनवलंयस. हात अजिबात अवघडत नाही." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. स्वतःच्या हाताने मी त्याला फोनचा स्टँड करून दिला होता.

आता मी खाली का बघितलं ते. पाच महिन्यांपूर्वी त्याचा पहिला दात माझ्या हातात आला, ज्यात हवेचा बुडबुडा होता. मग कडा जाड आलेला. मग रंगाचे थर एकमेकांत कालवलेला. ब्रशचं टोक थरथरलं की असं होतं. मी काही बोलले नाही. जेवणाच्या सुट्टीत त्याचा थर घासून काढला, नवा चढवला, भाजला आणि डबी पाठवून दिली. मनात म्हटलं, एकदाच. त्याची नोकरी गेली तर दोन पोरं आहेत पदरात. त्या एकदाचं कधी रोजचं झालं, मलाच कळलं नाही. वीस वर्षं शेजारी बसून बघितलं होतं, हात शिकला होता. त्याला पत्ता नव्हता, कारण डबीत भरलेला दात तो पुन्हा उघडून बघत नसे. तेवढ्यात एक डाव होतो.

परवा सकाळी मालक हसत हसत आमच्या टेबलाशी आले. एका बाईंच्या पुढच्या एकाच दाताचं काम होतं. शेजारच्या खऱ्या दाताशी जुळवायचं, सगळ्यात अवघड. मालकांनी फोनमध्ये त्यांचा हसरा फोटो दाखवला. "कुठला खोटा, ओळखून दाखव. डॉक्टरलासुद्धा ओळखता आला नाही." त्यांनी दादाच्या पाठीवर थाप मारली आणि गेले.

दादाने माझ्याकडे बघितलं. कितीतरी दिवसांनी त्याचा चेहरा उजळला होता. "बघितलंस? उगाच माझ्या मागे लागता तुम्ही दोघी. अंगठा दुखतो, ठीक आहे. पण खेळाने माझं काही बिघडलेलं नाही. डॉक्टरीणबाईंना फोन करून सांग, आज दुपारी पुन्हा दाखवायला येत नाही म्हणावं."

खेळाने बिघडलेलं नाही. मीच दिला होता त्याला हा पुरावा, रोज एक, डबीत भरून.

"तो दात माझा आहे," मी म्हटलं.

"काय?"

"मी केलाय. तुझा काढून टाकला होता."

तो हसला. "चल, काहीतरीच." मग माझं तोंड बघून हसणं थांबलं. मी एक साधी टोपी आणि भुकटी त्याच्यासमोर ठेवली. म्हटलं, "कर. आत्ता, माझ्यासमोर."

त्याने अंगठ्याचा आधार काढून ठेवला आणि केला. ब्रशचं टोक थरथरताना आम्ही दोघांनी बघितलं. त्याने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा पुसून टाकला. तिसऱ्यांदा जसा जमला तसा दात भट्टीत ठेवला. बारा मिनिटं. त्याचा हात खिशाकडे गेला आणि अर्ध्यातून परत आला. मग तो टेबलावर हात ठेवून नुसता बसून राहिला. अंगठा मात्र बसेना. रिकाम्या लाकडावर तो आपोआप सरकत होता, डावीकडे, उजवीकडे, वर. दादा त्याच्याकडे असा बघत होता, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे. मला दादाचा राग आला होता, पाच महिने साठलेला, आणि त्याच वेळी ओक्साबोक्शी रडावंसं वाटत होतं.

दात बाहेर आला. बुडबुडा होता आणि कड वाकडी होती. शिकाऊ माणसाचा दात.

"किती दिवस?" त्याने विचारलं.

"पाच महिने."

"सगळे?"

"पहिल्यांदा काही. मग सगळे."

तो दात तळहातावर घेऊन बसला. मला वाटलं, आता चिडेल, फोन फेकेल, नाहीतर माफी मागेल. त्याने यातलं काहीच केलं नाही. "तू रोज ओरडलीस माझ्यावर," तो हळू म्हणाला. "जेव म्हणालीस, मान वर कर म्हणालीस, फोन लपवलास. सगळं सगळं बोललीस. हे एवढंच नाही बोललीस."

"तुझी नोकरी जाईल म्हणून."

"नोकरी." त्याने मान हलवली. "बारके, माझा हात गेला आणि मला कुणी सांगितलंच नाही."

तो उठला, ती वाकडी कॅप मुठीत घेतली आणि मालकांच्या केबिनकडे चालू लागला. "दादा, थांब, मी येते," मी म्हटलं. त्याने मागे न बघता हातानेच नको म्हटलं.

दार उघडलं तेव्हा मालकांचा आवाज बाहेरपर्यंत आला. "ये ये, बस! आत्ता फोनवर तुझंच कौतुक चाललं होतं."