खुंटी सैल करायची राहिली

मित्रांनो, मला व्हायोलिनचा थोरला भाऊ म्हणा हवं तर. मी चेलो. वादकाच्या दोन गुडघ्यांमध्ये उभा राहून वाजतो. आता वय झालंय. पाठीला जोड आहे, पोटावरचं पॉलिश उडालंय.

एका अबोल कारागिराने मला घडवलं. तो माझी पाठ तासायचा आणि मधूनच टिचकी मारून कान लावायचा. पुढे मी चार वाद्यांच्या एका चौकडीतल्या वादकाकडे आलो आणि तिथलाच झालो. त्यांची मुलगी त्यांना बाबा म्हणायची, म्हणून मीही बाबाच म्हणतो. बाबांचा सूर घोटीव. लोक वाहवा करायचे आणि मीच फुगायचो.

मुलगी मोठी झाली, संगीत रचू लागली. एकदा तिने चौकडीसाठी नवी रचना लिहून आणली. तीत माझं काम अगदीच निराळं होतं. गजाचे केस नव्हे, गजाची काठी तारेवर आपटायची. माझ्या पोटावर बोटांच्या पेरांनी ठोकायचं. आणि शेवटी, जाड तार वाजत असतानाच तिची खुंटी हळूहळू सैल करायची, म्हणजे सूर घसरत घसरत नाहीसा होईल. तो पुरता विझेपर्यंत बाकीच्या तिघांनी गज उचलून थांबायचं.

"हे संगीत आहे की सुतारकाम?" बाबा हसले.

"बाबा, लिहिलंय तसं एकदा वाजवून तर बघा."

"अगं, लोकांना वाटेल खुंटीच निसटली."

"वाटू दे. शेवटी शेवटी आईचा आवाज असाच खाली खाली जायचा. मला तोच हवाय."

बाबांनी मान वळवली. "बघतो," एवढंच म्हणाले.

कार्यक्रमात त्यांनी काठी नुसती टेकवली. ठोके गाळले. खुंटीला हात लावला आणि काढून घेतला. त्याऐवजी एक लांब, गोड सूर ओढून रचना संपवली. टाळ्यांचा कडकडाट झाला. खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं.

"तुमचं छान झालं, बाबा," मुलगी म्हणाली आणि कागद गोळा करू लागली. त्यानंतर तिने घरी एकही रचना आणली नाही. यायची, औषधं विचारायची, जायची.

वर्षं गेली. बाबांची बोटं आखडली. चौकडीतले दोघे वारले, तिसरा दूर गेला. मी कपाटाआड धूळ खात उभा होतो. एका दुपारी बाबांनी मला बाहेर काढलं. माझ्या पेटीच्या खिशात त्या रचनेचा त्यांचा कागद राहिला होता. त्यांनी काठी आपटली, पोटावर ठोकलं, खुंटी सैल केली. सूर खाली खाली गेला. मग त्यांनी मुलीला फोन लावला.

"अगं, तुझी ती रचना आज वाजवली. लिहिली होतीस तशीच."

"बाकीचे तिघं कुठे होते, बाबा?"

बाबांनी तो कागद घडी करून पुन्हा माझ्या पेटीच्या खिशात ठेवला.

मित्रांनो, आम्हा वाद्यांना ओलीपासून जपा, धूळ पुसा, हे तर हवंच. पण घरातलं कुणी काही नवं घेऊन आलं, तर ते त्याच्या मनासारखं एकदा वाजवून बघा. सगळे आहेत तोवर.