सैल सोडा

क्लबातल्या पूल-बिलियर्ड खेळायच्या काठ्यांना फिजिओबाई विटल्या होत्या. जरा जोरात फटका मारावा, तर काठी उसाच्या पानासारखी थरथरायची. स्वतःची, चांगली ताठ काठी घ्यायची असं ठरवून सुट्टीच्या दिवशी भर दुपारी त्या काठीवाल्या भावांच्या दुकानात शिरल्या.

थोरला भाऊ लाकूड कातून काठ्या घडवायचा, धाकटा विकायचा. तीन वर्षांपूर्वी थोरल्याचं उजवं अंग गेलं, नि यंत्र बंद पडलं. आता दहा-बाराच काठ्या भिंतीला टेकून उभ्या होत्या.

"बूड जमिनीला टेकवा नि मधोमध दाबून बघा," धाकटा म्हणाला.

बाईंना काय शिकवायचं! आखडलेले हातपाय दाबण्यातच त्यांचा जन्म चाललेला. पहिली काठी वाकली, दुसरी त्याहून वाकली. कोपऱ्यातली एक मात्र वाकेचना. नुसती ताठ नव्हती ती. बाईंनी जोर वाढवला की तीही तेवढाच उलटा लावायची, भेदरलेला पेशंट लावतो तसा. बाईंच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "सैल सोडा... मी आहे ना."

काठी सैल पडली.

बाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. तेवढ्यात माडीवरून हाक आली, "भाऊजी! अहो भाऊजी, वर या! यांचा हात सुटला!"

धाकट्याचा चेहरा पांढराफटक पडला. "दादाला झटका आला तेव्हा यंत्रावर हीच काठी होती," तो कसाबसा म्हणाला.

काठी गल्ल्यापाशी ठेवून दोघं धावतच जिना चढले. तीन वर्षं छातीशी आवळलेला थोरल्याचा हात गोधडीवर मोकळा पडला होता. वहिनी डोळे पुसत उभ्या होत्या. बाईंनी तो हात हातात घेतला.

"दुखतंय का?"

"नाही," थोरला अडखळत म्हणाला. "मघाशी मला... कुणीतरी भिंतीपासून उचललं."

खाली दुकानाचं दार वाजलं. कोणीतरी आत आलं, दोन पावलं चाललं. आणि बाईंच्या हातातला हात वाकू लागला. कोपरात नव्हे, मनगटातही नव्हे. दोन्हींच्या मधे, जिथं सांधाच नसतो, तिथं. थोरला कळवळला.

"ठेवा ती काठी!" बाई जिन्याकडे तोंड करून किंचाळल्या. "हळू... हळू खाली ठेवा!"

हात सावकाश सरळ झाला.

धाकटा धडाधडा खाली उतरला. एक गृहस्थ काठीपासून चार हात लांब उभा होता. "अहो, ताठ आहे का तेवढंच बघत होतो," तो म्हणाला.

ती काठी त्याच दिवशी माडीवर गेली. थोरल्याच्या शेजारी गोधडीत ती झोपवलेली असते. बाई आठवड्यातून दोनदा येतात, एक हात त्याच्या दंडावर आणि दुसरा काठीवर ठेवून हलकेच चोळतात. परवा त्यानं स्वतःच्या हातानं पेला उचलला, तेव्हा वहिनी रडता रडता हसल्या. काठी मात्र त्या कुणाला पुसूही देत नाहीत.

बाईंनी स्वतःसाठी दुकानातली समोर दिसली ती काठी उचलली.

"दाबून तरी बघा," धाकटा म्हणाला.

"नको बाबा," बाई म्हणाल्या. "खेळता खेळता कळेल."