व्याह्याचा फेटा

श्रीरामपुरात जेम्स आणि हेलन या नवराबायकोचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचं शूटिंग जेम्स करतो, एडिटिंग हेलन. जुनी लग्नं कशावर साठवायची, यावर मात्र दोघांचं कधी पटलं नाही. हेलनचं म्हणणं, सगळं कॉम्प्युटरच्या डेटा टेपवर उतरवून कपाटात ठेवावं. हार्डडिस्क कधी दगा देईल सांगता येत नाही. टेप म्हटलं की जेम्सला वडिलांच्या व्हिडिओ कॅसेटी आठवत. त्या सगळ्यांना एका पावसाळ्यात बुरशी लागली होती.

"अहो, ती टेप वेगळी, ही वेगळी," हेलन म्हणायची.

"टेप ती टेपच," असं म्हणून जेम्स हार्डडिस्क आणायचा. एक नाही, दोन. एकाच दुकानातून, आणि ठेवायचा एकाच खणात.

एका सोमवारी छबूबाई स्टुडिओत आल्या.

"जेम्सभाऊ, आमच्या ज्योतीच्या लग्नाचं शूटिंग पायजे. समदं."

"पेनड्राइव्ह दिला होता की, मावशी."

"तो थोरल्या नातवानं बादलीत टाकला. आमचे व्याही पुंजाराम गावभर सांगत्यात, लग्नात त्यांना फेटा बांधला न्हाई म्हनून. मी सोता उभं राहून बांधायला लावला! आता ज्योतीच्या लेकराच्या बारशाला येनार न्हाई म्हंत्यात. त्यांना दाखवायचंय."

जेम्सने पहिली हार्डडिस्क लावली. ती काहीच बोलली नाही. दुसरी थोडा वेळ टकटक करून गप्प झाली. कॉम्प्युटर बिघडलाय, गुरुवारी या, असं त्याने छबूबाईंना सांगितलं.

हेलनने चहा आणून ठेवला.

"बोल की," जेम्स म्हणाला.

"मी काय बोलू? एक पेनड्राइव्ह नवरदेवाकडच्यांनाही दिला होता. फोन करा."

जेम्सने संगमनेरला पुंजारामांना फोन लावला.

"हाय की," पुंजाराम म्हणाले. "ट्रॅक्टरला लावलाय. गानी चांगली हायेत. पन हातचा सोडनार न्हाई. मी सोता घेऊन येतो."

गुरुवारी व्याही-विहीण स्टुडिओतल्या एकाच सोफ्यावर बसले. मध्ये कॅमेऱ्याची बॅग होती. लग्नानंतर पहिल्यांदाच ते इतके जवळ आले होते, आणि दोघेही टीव्हीकडेच बघत होते. टीव्ही अजून बंद होता.

हेलनने फिल्म लावली. हळद झाली, वरात आली, मंगलाष्टका झाल्या. मग फेटेवाला कापड झटकत पुंजारामांकडे निघाला. त्याने हात वर केले, आणि पडद्यावर गुलाबाच्या पाकळ्यांचा पाऊस पडला. पाकळ्या सरल्या तेव्हा नवरी गाडीत बसत होती.

"हे काय?" छबूबाई म्हणाल्या.

"इफेक्ट," हेलन म्हणाली. "तेव्हा लोकांना आवडायचा."

"फेटा त्या पाकळ्यांच्या मागं हाय."

"मला तर न्हाई दिसला," पुंजाराम म्हणाले. "मूळ शूटिंग लावा."

जेम्सने मान खाली घातली. "मूळ शूटिंग दोन हार्डडिस्कवर होतं. दोन्ही गेल्या. सोमवारीच सांगायला पाहिजे होतं."

पुंजारामांनी तेवढा भाग पुन्हा लावायला सांगितला. पाकळ्या पुन्हा पडल्या.

"फेटा बांधला हुता," पुंजाराम शेवटी म्हणाले. "पन माझ्या आधी पोराच्या मामाला बांधला. मी नवरदेवाचा बाप."

छबूबाई पहिल्यांदा त्यांच्याकडे वळल्या. "मग तसं म्हनायचं की!"

"म्हनलं असतं तर तुमी ऐकलं असतं?"

छबूबाईंनी विचार केला. "न्हाई," त्या म्हणाल्या. "पन बारशाला पयला फेटा तुमाला. या."

"येतो."

जाताना बारशाचं शूटिंग त्यांनी जेम्सलाच सांगितलं. पाकळ्या नकोत, हे दोघांनीही सांगितलं.

ते गेल्यावर जेम्सने मेलेल्या डिस्का खोक्यात भरल्या आणि विचारलं, "तू सांगत होतीस त्या पुण्याच्या टेपवाल्याचा नंबर आहे का?"

हेलनने दिला. पण जेम्सने हार्डडिस्क सोडली नाही. आता तो एक प्रत हार्डडिस्कवर ठेवतो, हेलन दोन टेपवर. त्यातली एक टेप तिच्या आईकडे राहुरीला जाते. पहिली पोचली तेव्हा आईने फोन करून विचारलं, ही कशात लावायची.

"कशातच नाही," हेलन म्हणाली. "नुसती ठेव."

आईने ती साड्यांच्या कपाटात ठेवली आणि कपाटाला कुलूप लावलं.